भोंग्यातला पांडुरंग

कानांवर ती दोन गुबगुबीत झाकणं बसली आणि बाहेरचं हिंगोली एकदम बंद झालं. बसस्टँडवरची घरघर, खालच्या हॉटेलात भजी कढईत पडल्याचा चर्र आवाज, जिन्यात चाललेली कुणाची तरी हुज्जत, सगळं कुणी गोधडीत गुंडाळून बाजूला ठेवावं तसं गेलं आणि नरसिंग महाराजांना आधी नुसता आपला श्वास ऐकू आला. मग एक तरणा माणूस त्यांच्या टाळूखाली उभा राहून गाऊ लागला. आवाज ओळखीचा होता, पण आरशातला चेहरा ओळखीचा असतो तसा नव्हे. लग्नात लांबून येणारा धाकटा भाऊ दिसावा आणि आपण उठून उभं राहावं, तसा. केवढा हा जोर, केवढी ही घाई! प्रत्येक ओळीच्या शेवटी पोरगं धावत येऊन उंबरठ्यावर अडखळत होतं. महाराजांना हसू आलं. त्यांनी डोळे उघडून समोर पाहिलं, तर संगणकापुढं बसलेला रत्नपालही हसत होता. त्याचा हा एका खोलीचा स्टुडिओ. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, कोपऱ्यात त्याच्या वडिलांच्या गायन पार्टीची पेटी, वर बुद्धाचा शांत फोटो. याच खोलीत त्यानं जयंतीची गाणी भरली होती, आणि याच खोलीत आता महाराजांच्या तरुणपणापासून आजवरच्या कीर्तनांतली निवडक भजनं एका सीडीवर आणायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. गावोगावच्या लोकांनी पेट्यांतून, माळ्यांवरून कॅसेटी काढून दिल्या होत्या. काहींना हळदीचा वास येत होता, काहींना डांबरगोळ्यांचा. सीडी रामनवमीच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनाला निघणार होती.

आणि मग ती जागा आली. महाराजांना ती येताना कळली. पायाला सवयीची पायरी कळते तशी. भजन त्यांचं स्वतःचं होतं, विशीत रचलेलं, म्हणून कच्चं आणि म्हणून लाडकं. ‘किती लांब तुझं रान, वाट दिसंना, हाक घातली मी देवा, साद येईना.’ तर ‘हाक घातली मी देवा’ म्हणून ते थांबत. हात वर, डोळे मिटलेले, टाळ मंद. सगळा मांडव श्वास धरून बसायचा. आणि वरून, कडुलिंबाला बांधलेल्या भोंग्यातून, पुढची ओळ यायची. उंच, बारीक, थोडी घोगरी: साद येईना. मग महाराज डोळे उघडून भोंग्याकडं बोट दाखवत आणि म्हणत, ‘ऐकलं का? मी म्हणतो साद येत न्हाई, अन् तोच वरून साद देऊन ऱ्हायला. पांडुरंग साथ देतो, माय.’ या एका वाक्यावर त्यांचं नाव झालं होतं. औंढ्यापासून सेनगावपर्यंत लोक त्यांना कीर्तन ठरवायला येत ते ‘भोंगावाले महाराज’ म्हणूनच. ती ओळ आताही आली. कानाच्या झाकणांमुळे ती वरून आली नाही, भोंग्यातून आली नाही. ती डाव्या कानाच्या अगदी पाळीजवळ आली. तिला श्वास होता. तिला बांगड्या होत्या. आणि ओळ संपल्यावर, टाळ पुन्हा चढायच्या आत, त्याच गळ्यातून अगदी घरगुती आवाजात आलं, ‘पुंजा, गप ना रे लेकरा, बुवा गाऊन ऱ्हायले.’

महाराजांनी झाकणं काढली. हिंगोली सगळंच्या सगळं परत आत शिरलं. ते रत्नपालला म्हणाले, पुन्हा लाव. त्यानं लावलं. पुन्हा बांगड्या, पुन्हा पुंजा. मग त्यांनी दुसऱ्या गावची कॅसेट लावायला सांगितली, मग तिसऱ्या. वारंगा फाट्याजवळच्या वाडीत पुंजा रडत नव्हता, काहीतरी कुरुमकुरुम खात होता. वसमतकडच्या एका मळ्यात तो ‘माय, पाणी’ म्हणाला आणि मायनं साद देण्याआधी त्याला पाणी दिलं. त्या कॅसेटवर महाराज किती तरी वेळ हात वर करून थांबले होते, आणि त्या लांबलेल्या शांततेवर मांडव हुंदक्यांनी भरला होता, हे त्यांना आजही आठवत होतं. त्या रात्री देवानं परीक्षा पाहिली, असं ते पुढं किती वर्षं सांगत आले होते. देव लेकराला पाणी पाजत होता. पुढच्या कॅसेटांवर पुंजाचा आवाज फुटायला लागला, मग तो दिसेनासा झाला. पण ती होती. जिथं तिची साद नव्हती, त्या कॅसेटी रत्नपालनं निवडल्याच नव्हत्या. ‘मला काय माहीत, महाराज,’ तो म्हणाला. ‘मी कानानं निवडल्या. चांगल्या वाटल्या त्या घेतल्या.’ मग त्यानं विचारलं, बाईचा आवाज काढून टाकायचा का. म्हणजे काढता येतो थोडाफार, पण एकच टेप, एकच वायर, दोघं एकमेकांत मुरलेले. तिला खाली दाबलं तर महाराजांची धारसुद्धा जाते. त्यानं करून दाखवलं. महाराजांचा आवाज गोणपाटातून आल्यासारखा झाला. आणि ठेवली, तर आता घरोघरी ही बारकी हेडफोनं आलीत. जो ऐकेल त्याला कळेल. महाराज म्हणाले, उद्या सांगतो.

महाराज जिना उतरून खाली आले. रस्त्यावर माणसं नेहमीसारखी होती. एक-दोघांनी वाकून नमस्कार केला, एकानं सीडी कधी निघणार विचारलं. महाराज ‘निघंल की’ म्हणाले आणि त्यांना वाटलं, याला ठाऊक असेल का? त्यांच्या डोळ्यांपुढं तो पहिला मांडव उभा राहिला. हळद शिजवायचे दिवस होते. सगळ्या गावावर तो गरम, मातकट, पिवळा वास बसलेला. माईक नवीन, गाणाऱ्यांचा माईक डाव्या हाताला, त्यामागं टाळकऱ्यांची भिंत, आणि त्या भिंतीमागं बायकांची बाजू. घसा कोरडा पडला म्हणून ते ओळ तोडून थांबले होते, बाकी काही नाही. आणि वरून ती साद आली तेव्हा अंगावर जो काटा आला होता, तो खरा होता. तो काटा ते अजूनही दाखवू शकत होते. पायाखालून जमीन निघून गेली, पण पडलो नाही, असं झालं होतं. कोणाला सांगता येईल हे? आणि त्या काट्याच्या जोरावर ते गावोगाव फिरले, पाठीचं दुखणं, वडलांचं जाणं, घरात लेकरू न होणं, सगळं त्या एका ओळीवर पेलून नेलं. अडचण आली की ते मनात ओळ तोडून थांबायचे. आणि वाटायचं, येईल. आता ते चौकात, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबले आणि त्यांना प्रथमच वाटलं की आपण नुसतेच थांबलो आहोत. चरक फिरत होता, घुंगरू वाजत होते. गाडेवाला म्हणाला, ‘महाराज, बर्फ टाकू का बिनबर्फाचा?’ काय उत्तर दिलं त्यांना कळलं नाही. हातात बर्फाचा ग्लास आला आणि दात ठणकले.

घरी शकुबाई मेथी निवडत बसल्या होत्या. लग्नापासून त्यांनी नवऱ्याचं एकही मोठं कीर्तन चुकवलं नव्हतं; बायकांच्या बाजूला, खांबापाशी त्यांची ठरलेली जागा. महाराजांनी आडवळणानं सुरुवात केली. जुने भोंगे कसे होते, वारा कसा असायचा, आवाज कुठून कुठं जायचा. शकुबाईंनी देठ मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘कळलं वाटतं तुमाला.’

महाराज खाली बसले. कळलं म्हणजे काय, तुला ठाऊक होतं की काय, असं त्यांनी विचारलं. तर शकुबाईंना काय, साऱ्या बायकांना ठाऊक होतं. बाई मांडीला मांडी लावून बसलेली, तोंड उघडून गाणारी, ठाऊक कसं नसेल? मेंढ्यावाल्यांची अनुसया ती. सुगी झाली की त्यांचं बिऱ्हाड निघायचं. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घ्यायचे, आज या शिवारात, उद्या त्या. सप्ताहाचेही तेच दिवस. भोंग्याचा आवाज रानात गेला की लेकरू काखेला मारून ती यायची. उशिरा यायची म्हणून कडेला, गाणाऱ्यांच्या माईकपाशी बसायची. टाळकऱ्यांनाही ठाऊक होतं.

‘म्हणजे ठाऊक न्हवतं ते फक्त मला.’

‘तुमाला अन् भोंग्याला,’ शकुबाई म्हणाल्या. मग नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी मेथी बाजूला सारली. ‘सांगून टाकावं, असं एकदा लई वाटलं होतं. पण तुमी इतकं रंगून सांगत होते. ते मी काहून मोडू? अन् खोटं तरी काय सांगत होते?’

पण महाराजांच्या कानात शेवटचं शिरलं नाही. त्यांना बायकांची बाजू दिसत होती. ‘पांडुरंग साथ देतो, माय’ म्हटलं की रांगाच्या रांगा पदर तोंडाला लावायच्या, खांदे हलायचे. ते त्यांनी वर्षानुवर्षं डोळ्यांतलं पाणी म्हणून घरी नेलं होतं. पदराआड हसत होत्या त्या. साऱ्या जिल्ह्यातल्या आयाबाया हसत होत्या, आणि आपण मधोमध फेटा बांधून, भोंग्याकडं बोट करून उभे. त्यांनी पाणी मागितलं, प्यायलं, पुन्हा मागितलं. काढून टाकावी, त्यांनी ठरवलं. गोणपाट तर गोणपाट. मग देवासमोर दिवा लावायला गेले आणि सवयीनं ती ओळ गुणगुणून गेले. ‘हाक घातली मी देवा’ म्हणून थांबले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आत, डाव्या कानाच्या पाळीजवळ, बांगड्या वाजतायत. तिला काढून टाकायला त्यांच्या आत कुठली वायर होती? तिला काढलं तर मागं राहतं ते काय, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचं थांबणं. त्यांनी स्वतःला सांगितलं, परवानगी तरी विचारावी. परक्या बाईचा आवाज सीडीवर घालायचा तर विचारायला नको? पण विचारायला नव्हतं जायचं, पाहायला जायचं होतं, हे दिव्याच्या वातीइतकं त्यांना स्वच्छ दिसत होतं.

बिऱ्हाड कनेरगाव नाक्याच्या पलीकडं उतरलंय, असं शकुबाईंच्याच बहिणीकडून कळलं. रत्नपालनं मित्राची व्हॅन घेतली आणि मागं आपला जुना, सेलवर चालणारा टेप माईकसकट टाकला. काहून टाकला विचारलं तर म्हणाला, असू द्या, वजनाला काय लागतं. शकुबाई न विचारता पुढच्या सीटवर बसल्या. वाशिमच्या रस्त्यानं ढाबे, ट्रक, तुरीची रिकामी रानं मागं जात होती. महाराज फेटा मांडीवर घेऊन बसले होते. काय म्हणावं? बाई, तू माझा देव नेलास? की, बाई, तू माझा देव होतीस? कीर्तनात दुसरं वाक्य त्यांनी हसतखेळत म्हटलं असतं, वर दृष्टान्तही दिला असता. भूतमात्रात तो आहे, मेंढीत आहे, मेंढकीत आहे, हे तर त्यांचं रोजचं खाणं. पण रोज वाढलेलं अन्न स्वतःच्या ताटात पडल्यावर घास उचलत नव्हता.

त्यांचं कापडी पाल रानाच्या कडेला होतं. मेंढ्या बाभळींच्या सावलीत डोकी एकमेकींच्या पोटाखाली घालून उभ्या होत्या. अनुसयाबाई चूल लिंपत होत्या. ठसठशीत, सावळ्या, हातभर बांगड्या. त्या चिखलाच्या हातांनीच उठल्या, पदर सारखा करायला गेल्या आणि चिखल कपाळाला लागला. आधी शकुबाईंशी बोलल्या, जुन्या मैत्रिणीसारखं. मग महाराजांना लांबून नमस्कार केला आणि हाक मारली, ‘पुंजा, घोंगडी आण रे, बुवा आले.’ पुंजा आला तो दारातल्या खांबाएवढा उंच, मिशा राखलेला. महाराज त्याच्याकडं बघतच राहिले. हा रडत होता, कुरुमकुरुम खात होता, पाणी मागत होता. त्यांनी त्याला काल एकाच दुपारी वाढताना ऐकलं होतं. रत्नपालनं टेपवर पहिली कॅसेट लावली. अनुसयाबाई कान देऊन ऐकू लागल्या. आपली साद आली तेव्हा त्यांचं तोंड हललंसुद्धा नाही. पण लेकराचं रडं आलं तशा त्या खुदकन हसल्या आणि पुंजाच्या दंडावर चापट मारून म्हणाल्या, ‘बघ, किती तकलीफ दिली तू मला. बुवांनी सारं भरून ठिवलं.’ पुंजानं लाजून मेंढ्यांकडं पाहिलं. तेवढंच पुन्हा लावायला मात्र त्यानंच सांगितलं.

महाराजांनी एवढंच विचारलं, की पहिल्यांदा कसं काय झालं ते.

‘ते व्हय,’ अनुसयाबाई म्हणाल्या. ‘पहिल्या साली चुकूनच म्हनलं मी. तुमी मधीच थांबले. मला वाटलं इसरले. म्हनलं, माणूस इतक्या लोकांपुढं अडलाय, ओळ ऐकून ठाऊक झालीय तर सांगून टाकावी.’ चिखल बोटांवर वाळत आला होता, तो त्या दुसऱ्या बोटानं खरवडत होत्या. ‘मंग तुमी म्हनले, हा पांडुरंग बोलला. आख्ख्या मांडवापुढं. बायका हसल्या, मला कोपरं मारले. मी मात्र घरला जाऊन रडले. मेंढ्यामागं हिंडणारी बाई मी, मला कोण काय म्हनतं? ह्या पुंजाच्या बापानंबी त्या दिसापासून मला कधी अगं-तुगं केलं न्हाई. दर साली मनात यायचं, यंदा जाऊ नये, लेकरू आजारी हाये, पाय दुखून ऱ्हायले. पण बुवा थांबतील, अन् कोणी बोललं न्हाई तर? तुमी माह्यात त्याला पाहून ऱ्हायले, म्हनून गात होते मी. न्हाई तर मला कुठं गाता येतं.’

रत्नपालनं महाराजांकडं पाहिलं नाही. तो टेपचं बटण उगाच पुसत होता. शकुबाई पाहत होत्या. महाराजांच्या ओठांवर खरं ते येऊन बसलं होतं: माय, मी तुला पाहिलंच नाही, मी भोंग्याकडं पाहत होतो. ते बोललं असतं तर स्वच्छ झालं असतं, आणि या बाईची इतक्या वर्षांची एक गोष्ट पालापासून मांडवापर्यंत उलटी चालत गेली असती. त्यांनी ओळ तोडली. थांबले. रानात मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजली, लांब ट्रकनं हॉर्न दिला, आणि काहीच आलं नाही, आणि तरी त्यांना कळलं की आलं. अंगावर काटा आला. तोच. हळदीच्या वासातला. त्यांनी दंडावरून हात फिरवला आणि तो तसाच उभा होता. पहिल्या साली घसा कोरडा पडला म्हणून थांबलो, ते म्हणाले, पण पुढं जितक्यांदा थांबलो, ते तुमच्यासाठीच थांबलो. हे खरं होतं. याहून खरं त्यांनी कुठल्या कीर्तनात सांगितलं नव्हतं.

मग सीडीवरचं शेवटचं भजन इथंच भरायचं ठरलं. ठरवलं कुणी ते कळलं नाही. रत्नपालनं माईक आधीच बाभळीच्या फांदीला लटकवला होता. पण अनुसयाबाई अडून बसल्या. त्या टेपच्या डब्यापुढं आपल्याला जमणार नाही. आणि बुवांनी तोंड इकडं केलं तर बिलकूल नाही. ‘तुमी तिकडं पाठ करून उभे ऱ्हा,’ त्या म्हणाल्या, ‘नेहमीसारखं.’ आवाज ऐकून आजूबाजूच्या रानांतून तुरीच्या काड्या वेचणाऱ्या बायका येऊन बसल्या होत्या; शकुबाई त्यांच्यात जाऊन बसल्या, अनुसयाबाई त्यांच्या आड. महाराजांनी फेटा बांधला. पाठ केली. समोर नुसतं रान होतं, काळं, भेगाळलेलं, आणि वर ना कडुलिंब, ना भोंगा. त्यांनी सुरुवात केली. आवाज आता धावत नव्हता. उंबरठ्याशी आला की वाकून, सांभाळून आत येत होता. ‘किती लांब तुझं रान, वाट दिसंना.’ पुंजानं मागं पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. ‘हाक घातली मी देवा,’ म्हणून महाराज थांबले. हात वर गेला. डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ठाऊक होतं की साद कुठून येणार आहे, आणि छाती मात्र पहिल्या सालापेक्षा जोरानं उडत होती. ठाऊक असल्यानं काहीच कमी झालं नव्हतं.

बांगड्या वाजल्या. मग ती आली, उंच, बारीक, जरा जास्त घोगरी. ओळ पुरी झाली.

‘ऐकलं का,’ महाराज रानाला म्हणाले, ‘पांडुरंग साथ देतो, माय.’

मागं बायका हसल्या. पदराआड, खांदे हलवून, नेहमीसारख्या. शकुबाईंचं हसणं त्यांना वेगळं ओळखू आलं. आणि पाठमोरे, हात वर असलेले नरसिंग महाराजही हसू लागले, फेटा हलेपर्यंत. रत्नपालनं हळूच विचारलं, हसणं काढून टाकायचं का.

‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘पुढची ओळ त्यांची हाये.’